चंपाचं नाव कसं लागलं

काशीमीऱ्याला हायवेच्या गॅरेजांमागे भोईरांचा गोठा आहे. चार म्हशी. ट्रकांचा गोंगाट सुरू व्हायच्या आत चंपा उठायची, शेण काढायची, वैरण टाकायची, दूध काढायची आणि किटली डोक्यावर घेऊन दूध सोसायटीच्या केंद्रावर जायची. तिथे वहीत लिहायचे, ‘नाथा भोईर, फॅट सात.’ नाथा तिचा नवरा. तो तेव्हा घरी चहा पीत असायचा. सभासद होता ना तो, सभासदाला विश्रांती लागते.

सोसायटीत नऊ सभासद, नऊही पुरुष. वहीत आपलं नाव लागावं, सभेत आपलाही हात वर व्हावा म्हणून चंपाने तीन वर्षं अर्ज केले. अध्यक्ष ईश्वरभाऊ दर वेळी गोड हसायचे.

“वहिनी, एका घरात दोन सभासद कशाला? दूध तर एकच हाय.”

“दूध एकच हाय, पन काढते कोन?”

“ते कोनी विचारत न्हाय.”

या वर्षी नेमकं तेच विचारलं. खोटे सभासद फार झाले म्हणून जिल्ह्याहून साहेब तपासायला येणार होते. ज्याच्या नावावर दूध, तो म्हशीखाली बसलेला दिसला पाहिजे. नाहीतर नाव कट.

मग काय, जन्मात पहिल्यांदा नाथा बादली घेऊन बसला. थोरल्या म्हशीने मान वळवून त्याला नीट बघून घेतलं आणि बादलीला लाथ घातली. दुसरीने पान्हाच चोरला.

“त्यांना मीच लागते,” चंपा म्हणाली. “उद्या माझी साडी नेसून बसा. पान्हा सुटला की उतरवा. साहेब सातला येतील, तवर तुम्ही तुमच्या लेंग्यात.”

साहेब आले साडेसहाला, ईश्वरभाऊंना सोबत घेऊन. चंपाला हे आधीच ठाऊक होतं, असं शेजारणी म्हणतात. खरंखोटं म्हैस जाणे.

साहेब बघतात तर हिरव्या साडीतली बाई, डोक्यावर पदर, पदराचं टोक दातात, धार काढतेय. चंपा कोपऱ्यात गप्प वैरण सोडत होती.

“वा! बाई सभासद!” साहेब खूश झाले. “आम्ही सांगून सांगून थकलो, बायकांना घ्या म्हणून. नाव काय ताई?”

ताईंनी पदर आणखी घट्ट चावला.

“लाजते,” ईश्वरभाऊ म्हणाले. पदराआडचा नाथा त्यांनी ओळखला होता. हा नाथा आहे म्हणावं, तर सोसायटीला जिल्हाभर हसतील. “चंपा. चंपा नाथा भोईर.”

साहेबांनी रजिस्टर चाळलं. “हे नाव कुठंय?”

“लिहायचं राहिलं, साहेब.”

“मग आता लिहा. आणि हा नाथा कोण?”

“ताईंचे मालक.”

“आहेत कुठे ते?”

कोपऱ्यातून चंपाच म्हणाली, “घरी चहा पीत असतील.”

“कट करा,” साहेब म्हणाले. म्हशीखालची धार जरा थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

पुढच्या सभेला आठ पुरुष आणि चंपा. तिने पहिल्याच मिनिटाला हात वर केला.

“ईश्वरभाऊ, तुमच्या घरचं दूध ममतावहिनीच काढतात ना? त्यांचं नाव लावा.”

“वहिनी, एका घरात दोन सभासद...”

“तसं राहू द्या मग. साहेब परत येतीलच,” चंपा म्हणाली. “तुम्हाला निऱ्या घालता येतात ना?”