आईची आडवी कबर

धारूरच्या डोंगराखालचं आमचं गिरजाघर गावानं जिवंतपणीच सोलून नेलं. पाद्रीसाहेब कायमचे निघून गेले, मागोमाग सागवानी तुळया गेल्या, मग दारं-खिडक्या. शेवटी वेदीच्या जागी कुणीतरी शेळ्या बांधू लागलं. निजामाच्या राज्यात आमच्या पाच-सहा घरांची फिर्याद कोण ऐकणार? माणसांना बोलायची छाती नव्हती, म्हणून मी शेळ्यांना शिव्या घालायची.

आम्ही दुष्काळात ख्रिस्ती झालेले. पाद्रीसाहेबांनी खायला घातलं होतं. ते गेल्यावर बाकीची घरं जुन्या देवांकडं परतली, माझा बा मात्र हटला नाही. कारण एकच. आई गिरजाघरामागच्या कब्रस्तानात होती आणि त्याला तिच्या शेजारीच जायचं होतं.

म्हातारपणी त्याचे डोळे गेले, अंगातली ताकदही सरली. तेव्हा म्हणाला, "बाई, तुझ्या आईची जागा बघून ठिव. आडवी हाय ती."

आई तापानं गेली तेव्हा मी पाळण्यात होते. मला कळेना. मग त्यानं सांगितलं. पाद्रीसाहेबांच्या रीतीत मेलेल्याचे पाय पूर्वेला. पण त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते, आणि बानं तिला आमच्या घराण्याच्या रीतीनं, डोकं दक्षिणेला करून पुरलं.

"कावून?" मी विचारलं.

"तिचे मायबाप तसेच निजलेत. एकलीला वाट कशी गावंल?"

म्हटलं, बरंच झालं. सगळ्या सरळ, एक आडवी. शोधायला किती वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी त्याला बैलगाडीत घालून नेलं. गवत कापलं, काटे ओढून काढले. दगडांचे अकरा ढीग निघाले. अकराही पूर्व-पश्चिम.

बाला तसं सांगितलं. तो पुटपुटला, "साहेबाला भ्यालतो म्या. वरचे दगड नंतर सरळ रचलते. इसरूनच गेलतो."

असा संताप आला! जिच्यासाठी जन्मभर गावाचे टोमणे खाल्ले, तिची खूण ह्यानं आपल्याच हातानं पुसली होती. पण तो मान खाली घालून गवतात चाचपडत होता. उकरून बघावं, तर अकरा जणांची झोप कोणत्या तोंडानं मोडायची?

"बाई, सापडली का गं?"

"सापडली," मी म्हणाले. जवळच्या ढिगापाशी त्याला बसवलं आणि त्याचा हात दगडावर ठेवला. तो रडला. मग लाजल्यासारखा हसून त्या दगडाला म्हणाला, "जरा सरकून घे. येतोच म्या."

दिवाळीनंतर तो गेला. त्याच ढिगाशेजारी मी त्याला निजवलं, डोकं दक्षिणेला करून. मरताना त्याच्या तोंडावर जे समाधान होतं, ते माझ्या खोट्याचं होतं. आता माझीही वेळ जवळ आली आहे. मरणाचं भय नाही, आईचं आहे. वर गेल्यावर ती विचारणार, "तुझा बा कुठं राहिला गं?"