जिन्यातली वीस मिनिटं

आमच्या महोत्सवात दाखवलेल्या, एक सोडून, एकाही सिनेमाबद्दल, तो बरा होता की वाईट, हे गार्डसाहेबांनी कधी कुणाला सांगितलं नाही. निवडीच्या वेळी ते आमच्याबरोबर बसत, शेवटचं नाव सरकून पडदा पांढरा होईपर्यंत हलत नसत आणि मग वहीत तीनच गोष्टी लिहीत. सिनेमा सुरू कसा होतो, संपतो कसा, आणि ‘प्रवासी कुठे उतरतो’, म्हणजे प्रेक्षक कुठल्या मनानं बाहेर पडतो. मत विचारलं तर म्हणत, "गार्डानं गाडीबद्दल बोलायचं नसतं. वेळेवर सोडायची." आम्हा बाकीच्यांकडे प्रत्येक सिनेमाबद्दल दोन-दोन मतं असल्यामुळे त्यांच्या मताची उणीव कधी भासली नाही.

खरं तर ते गार्ड नव्हतेच, नाव आम्ही पाडलेलं. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या कचेरीत, गाड्यांची वेळापत्रकं करण्यात झाली होती. घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतकऱ्यांचं. आजोबा निजामाच्या काळात हैदराबादेत आले आणि मलकपेठेत राहिले. त्यामुळे गार्डसाहेबांचं मराठी असं होतं की पुण्याच्या माणसाला ते उर्दू वाटे आणि हैदराबादच्या माणसाला मराठी.

महोत्सव आम्ही पाच जणांनी सुरू केला. मोठी थिएटरं जे सिनेमे लावत नाहीत ते आपण दाखवायचे, एवढ्या एकाच मुद्द्यावर आमचं एकमत होतं. आबिड्सला पोस्टाच्या मागच्या गल्लीत एका वाचनालयाचा पहिल्या मजल्यावरचा हॉल मिळाला. मी दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत असे, म्हणून कार्यक्रमपत्रिका आखायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच शनिवारी मी तीन उत्तम सिनेमे ओळीनं लावले. पहिल्यात आजोबा वारले, दुसऱ्यात आई, तिसऱ्यात जवळजवळ सगळं गाव. तिसरा संपला तेव्हा हॉलमध्ये आमच्याखेरीज एकच माणूस उरला होता. तो उठून माझ्याकडे आला. हातातल्या पत्रिकेवर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"हे कुणी लावलं?"

मी जरा अभिमानानंच हात वर केला.

"प्रोफेसर, एका रुळावर तीन मालगाड्या सोडल्या तुम्ही. एक मरण झालं की माणसाला चहा लागतो मियाँ. लगेच दुसरं मरण नक्को."

हेच गार्डसाहेब. पुढच्या वर्षापासून पत्रिका त्यांनी आखायला घेतली. आधीच्या सिनेमाचं शेवटचं दृश्य पाहून पुढचा सिनेमा ठरे. समुद्रावर संपणाऱ्या सिनेमानंतर ते कधी पावसात सुरू होणारा लावत नसत. "माणूस ओला आहे आधीच," म्हणत. आणि दोन सिनेमांच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी. एकोणीस नाहीत.

ही वीस मिनिटं जिन्यासाठी होती. हॉलमधून खाली यायला एकच जिना, अरुंद, मध्ये वळणावर एक सपाट चौक. सिनेमा संपला की दिग्दर्शकानं त्या चौकात जाऊन उभं राहायचं, हा गार्डसाहेबांचा नियम. स्टेज नाही, माइक नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या अंगावरूनच जावं लागे. कुणी हात हातात घेई, कुणी भांडे, कुणी नजर चुकवून भिंतीला खेटून उतरे, आणि दिग्दर्शकाला जे कळायचं ते कळे. "स्टेजवर माणूस खोटं बोलतो," ते म्हणायचे, "जिन्यात वेळ नसतो तेवढा." सगळे गेले की हॉलमधल्या खुर्च्यांवरून नजर फिरवून गार्डसाहेब शेवटी उतरत, दिग्दर्शकापाशी क्षणभर थांबत, मान हलवत आणि एक शब्द न बोलता खाली जात. त्या मान हलवण्याचा अर्थ लावण्यात काही दिग्दर्शकांची वर्षं गेली.

एका वर्षी आमच्यातल्या कुणाला उद्‌घाटनाची हौस आली. मोठे पाहुणे ठरले, समई आली, शाल आली. पाहुणे पाऊण तास उशिरा आले, तोवर सिनेमा अर्ध्यात होता. सिनेमा थांबवा म्हणून आम्ही गार्डसाहेबांच्या विनवण्या करून दमलो होतो. त्यांचं एकच, "सुटलेली गाडी मागे घेता येते का हो?" पाहुणे बिचारे अंधारात चाचपडत खुर्चीत बसले, आणि आल्याआल्या भाषण न करता काही ऐकण्याची बहुधा त्यांची पहिलीच वेळ असावी. समई तशीच परत गेली. पुढच्या वर्षी ते पाहुणे स्वतःहून, वेळेवर आले आणि तिसऱ्या रांगेत बसले.

मग वाचनालयाची इमारत दुरुस्तीला निघाली आणि सौरभ आला. सौरभ पुण्याचा, आयटीतला, सिनेमावर जीव असलेला भला मुलगा. त्यानं प्रायोजक आणले आणि महोत्सव मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये नेला. तो पत्रिका आखण्याला ‘क्युरेशन’ म्हणे. गार्डसाहेबांनी हा शब्द समजून घेतला आणि विचारलं, "मग त्यात चहा कुठे येतो?"

चहा आलाच नाही. पडदा आम्हाला तासांच्या हिशोबानं मिळाला होता आणि संध्याकाळी सातला प्रायोजकांचा बक्षीस समारंभ होता. सौरभ वहीशेजारी लॅपटॉप ठेवून म्हणाला, "काका, एक सिनेमा काढावा लागेल. नाहीतर मधली वीसची पाच करावी लागतील."

काढण्यासारखा सिनेमा एकच होता. नवखी दिग्दर्शिका, अजून नाव न झालेली. ही लावण्या मलकपेठच्या रेसकोर्समागे राहायची. तिचे वडील तिथे घोड्यांची देखभाल करणारे साईस. त्यांच्यावरच तिनं तासाभराचा सिनेमा केला होता. वडिलांनी तो पाहिला नव्हता. ते येणार होते. गार्डसाहेबांनी वहीतले वीस खोडले. मग म्हणाले, "पाच करा. पोरीची गाडी रद्द नक्को."

सिनेमा ठरल्या मिनिटाला सुरू झाला आणि ठरल्या मिनिटाला संपला. लावण्या वडिलांना घेऊन, ज्या दारानं सगळे आत आले होते त्या दाराबाहेर उभी राहिली. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाच मिनिटं झाली. कुणीच आलं नाही. मग दार उघडलं आणि झाडू घेतलेली दोन माणसं बाहेर आली.

मल्टिप्लेक्समध्ये बाहेर जायचं दार वेगळं असतं. पडद्याशेजारचं, थेट पार्किंगकडे नेणारं. सगळे प्रेक्षक तिकडून निघून गेले होते. वडिलांनी मुलीला विचारलं, "किसीको पसंद नै आया क्या?"

गार्डसाहेब शेवटी बाहेर आले, तेव्हा त्यांनी हे ऐकलं. ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. जन्मभर ज्या माणसानं गाड्यांना मिनिटं वाटली, तो मला म्हणाला, "प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येतो तेच बघितलं नाही, प्रोफेसर."

बक्षीस समारंभाला ते थांबले नाहीत. आठवड्यानं मला घेऊन मलकपेठला गेले. लावण्याच्या घरी खुर्चीवर न बसता उभ्यानंच म्हणाले, "बेटा, मेरी गलती है. मैं दरवाजा नै देखा. घडीच देखते बैठा." वडिलांनी त्यांना हाताला धरून बसवलं.

वाचनालयाची दुरुस्ती संपत आली होती. हॉलला ओल्या रंगाचा वास होता. तिथे एका रविवारी सकाळी आम्ही तोच एक सिनेमा पुन्हा लावला. ना प्रायोजक, ना पत्रिका. गार्डसाहेबांनी फोन करकरून चाळीसेक माणसं जमवली होती. नंतर बाप-लेक चौकात उभे राहिले आणि माणसं एकेक करून त्यांच्या अंगावरून उतरली. एका बाईनं वडिलांना घोड्याचं नाव विचारलं, तर त्यांनी सगळ्या घोड्यांची सांगितली आणि मागची रांग जिन्यातच खोळंबली. गार्डसाहेबांनी घड्याळ पाहिलं नाही. शेवटी ते उतरले, चौकात थांबले, मान हलवली. मग एक पायरी खाली गेले, आणि परत वर आले.

"अच्छा है," ते लावण्याला म्हणाले. "भोत अच्छा है."

इतक्या वर्षांत दिलेलं हे त्यांचं एकमेव मत.

पुढे ते मुलीकडे पुण्याला गेले. महोत्सव आता वाचनालयाच्या हॉलमध्ये मावेना, तो मॉलमध्येच राहिला. महोत्सव जवळ आला की त्यांचा फोन येई. "जिना मिळाला का?" मी दरवर्षी नाही म्हणायचो. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचाच फोन आला.

यंदा पत्रिका मी आखली. सौरभनं वीस मिनिटांबद्दल काही विचारलं नाही. उलट मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरशी तोच दोन दिवस भांडला आणि पार्किंगकडे उतरणारा सिमेंटचा आपत्कालीन जिना प्रेक्षकांसाठी उघडून घेतला. त्याला वळणावर चौक आहे. लावण्याचा दुसरा सिनेमा होता. ती तिथे, आगीच्या लाल पाइपाशेजारी उभी राहिली. माणसं उतरली, बोलली, एक गृहस्थ भांडलेही. शेवटचा माणूस गेल्यावर मी म्हटलं, "झाले सगळे."

तिनं वर, हॉलच्या दाराकडे पाहिलं. "वीस हो गये क्या, सर?"

अजून दोन मिनिटं होती. आम्ही थांबलो.