एका टबातले पाणी

१२ मे १९८६, सोमवार, सकाळचे साडेअकरा. जिल्हा नवा, प्रयोगशाळा नवी, नळही नवा. त्या दुष्काळी उन्हाळ्यात लातुरात पाणी तेवढे नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखाली एका बाळंतिणीच्या बेडक्याची, म्हणजे खाकरून काढलेल्या थुंकीची, स्लाइड होती. भिंगातून एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक क्षेत्र; अशी शंभर क्षेत्रे तपासली, तेव्हा निळ्या पार्श्वभूमीवर चार लाल काड्या सापडल्या. क्षयाचे जंतू. बाहेर बाकावर तिची सासू तान्हे बाळ मांडीवर घेऊन बसली होती आणि अहवालाआधीच निवाडा देऊन मोकळी झाली होती : "जंतू निघाले तर लेकरू माझ्यापाशी ऱ्हाईल. हिनं बरं होईस्तोवर माहेरी, लोह्याला जावं." सुनेची चोळी दुधाने भिजली होती.

मी अहवाल लिहिला नाही. तिच्या आधी धुतलेली स्लाइड एका गिरणी कामगाराची होती आणि तिच्यावर जंतूंचे झुबके होते. त्यानंतरच्या प्रत्येक स्लाइडवर मात्र दोन-चार, दोन-चार. आजार असा शिस्तीत वाटला जात नाही.

नांदेडला शिकताना आम्ही रंग दिलेली प्रत्येक स्लाइड वाहत्या नळाखाली धुवत असू. इथे पाणी वाचवण्यासाठी सगळ्या एकाच टबात बुचकळत. ही युक्ती आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञ काकांची होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

"काका, एकीवरचे जंतू सुटून टबात तरंगत असणार. तेच दुसरीवर बसतात."

"मग काय करू? टँकर दिसाआड येऊन राहिला. तुमच्या नांदेडला गोदावरी हाय, ताई. हितं मी हाय."

"मग तुमचाच बेडका द्या. तब्येत ठणठणीत आहे ना?"

"घोड्यावानी."

त्यांची स्लाइड मुद्दाम त्याच टबातून काढली. पाहायलाही त्यांनाच बसवले. बराच वेळ त्यांनी भिंगावरून डोळा उचलला नाही.

"तीन दिसून राहिले," ते अखेर म्हणाले. "घरी बोलू नका. माझी सासूबी लातुरातच हाय."

मग त्यांनी स्वतःच टब मोरीत रिकामा केला.

मी बाहेर गेले. "अहवाल आज मिळणार नाही. उद्या पहाटेचा बेडका नव्या डबीत आणा. तोवर बाळ आईजवळ राहू द्या."

"तुमी डाक्टर हाव का?" सासूने विचारले.

"नाही. पण मोजणी माझी आहे, आणि या मोजणीवर मी सही करणार नाही."

तिने सुनेकडे पाहिले, मग बाळाकडे. बाळ रडू लागले होते. तिने ते सुनेच्या ओटीत ठेवले. दिले असे म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरून पिण्याच्या पाण्याची कळशी आणली. कालचे इतर रुग्णही परत बोलावले होते. प्रत्येक स्लाइड आम्ही तिरपी धरली, वरून बाटलीने धार सोडली आणि ओघळलेले पाणी पुन्हा वापरले नाही. गिरणी कामगाराच्या स्लाइडवर झुबके तसेच होते. त्याचे उपचार त्याच दिवशी सुरू झाले.

बाळंतिणीची स्लाइड मी शेवटी घेतली. शंभर क्षेत्रे नियमाला पुरेशी होती. सासू दारात उभी होती, म्हणून मी तीनशे पाहिली आणि अहवालावर लिहिले : लाल जंतू, ०.