ताई, हे खरं होतं का?

न्यूमोनिया झाला तेव्हा मी ताईकडे कुपवाडला गेले होते, म्हणून सांगलीच्याच दवाखान्यात दाखल झाले. आयसीयूत, श्वासाच्या यंत्रावर. बरी होऊन साताऱ्याला घरी आले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वाचलीस बाई." मी मान हलवायचे. पण माझ्या डोक्यात दवाखाना नव्हताच. एसटी होती. कराडच्या स्टँडवर उभी, दिवे लागलेले, सुटतच नव्हती. कंडक्टरने माझे हात सीटच्या दांडीला बांधले होते आणि ताई खिडकीबाहेरून त्याला सांगत होती, "हिला हितंच ऱ्हाऊ द्या."

ताईचा फोन आला की मी नवऱ्याच्या हातात द्यायचे. एसटी खोटी आहे हे कळत होतं, तरी राग जात नव्हता. चहा करायला गेले तर आधी काय टाकायचं तेच सुचायचं नाही. "अशक्तपणा आहे, जाईल," नवरा म्हणायचा. डोळे मिटायची भीती वाटते, हे मी त्याला सांगितलंच नाही.

शेवटी त्यानेच ताईला बोलावून घेतलं. ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि मी तोंड फिरवलं. ती सरळ आत जाऊन कामाला लागली. दुपारी मेथीची जुडी घेऊन माझ्याशेजारी बसली.

"माझ्यावर राग हाय न्हवं? मग मलाच सांग की."

मी सांगितलं. कंडक्टर, दांडी, खिडकी, सगळं. ताईला आधी हसू आलं. मग तिचे हात थांबले.

"हात बांधले हुते गं. पट्टीनं. तू नळी उपसून काढत हुतीस."

"आणि इथंच राहू द्या म्हणालीस ते?"

"त्ये बी म्हणले. पुण्याला हलवायचं का, असं डॉक्टर इचारत हुते. वाटंत तुला काय झालं असतं म्हंजे? मीच म्हणले, हिला हितंच ऱ्हाऊ द्या."

म्हणजे वाक्य खरं होतं. मग इतके दिवस मी कशावर रागावले होते? मी रडायला लागले, तशी तीही.

ताई बरेच दिवस राहिली. काही आठवलं की मी विचारायचे, "हे खरं?" ती म्हणायची, "व्हय," नाहीतर, "न्हाई गं बाई." हळूहळू झोप लागायला लागली. चहाही जमला.

तपासणीला सांगलीला गेलो तेव्हा ताईने ओळखीच्या नर्सला गळ घातली आणि तिने मला माझा पलंग दाखवला. शेजारी काच होती. नातेवाईक तिथेच उभे राहायचे.

"खूप जणांना असलं काहीबाही दिसतं," नर्स म्हणाली. "लाजून सांगत नाहीत."

मी तिला आयसीयूतल्या, मला आठवणाऱ्या एका बाईबद्दल विचारलं. माझे केस विंचरायची, अर्धं कानडीत बोलायची, हात अगदी गार. नर्सने डोकं खाजवलं. "अशी कुणी नाही हो आमच्याकडं."

मी ताईकडे पाहिलं.

"मला बी ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर तुझे केस कुणीतरी नीट वेणी घालून ठेवलेले असायचे, त्ये मी बघितलंय."