तळ्यात परत सोडलेले मासे

माझे चित्रपट पाहून लोक हमखास विचारतात, तुमचं राजकारण कोणतं? ते मी पुस्तकातून घेतलेलं नाही. नागभीडजवळच्या एका तळ्यावर घेतलं.

पन्नासच्या दशकात मी सरकारी माहितीपटांचा कॅमेरामन होतो. मासेमारी टिपायला पोचलो तेव्हा ढिवरांची जाळी वाळत पडली होती. सकाळचे मासे काठच्या डबक्यात जिवंत ठेवले होते. मी साहेबी थाटात म्हणालो, "पुन्हा एकदा जाळं टाका." नुसतं टाकलं असतं तरी मला पुरलं असतं. पण त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "मासे तं बाहेर हायेत. पाण्यात धरून राह्यलो असं कसं दाखवाचं? खोटं होते ना, भाऊ." आणि त्यांनी टोपल्या भरभरून सगळे मासे तळ्यात सोडले. मी अडवलं नाही. उजेड चांगला होता.

दुसऱ्यांदा जाळ्यात मूठभर मासे आले. चित्रपटात निवेदक त्यालाच 'भरघोस मासळी' म्हणतो. पुढे मी नोकरी सोडली, स्वतःचा कॅमेरा घेतला आणि "पुन्हा एकदा" असं कुणालाही म्हटलं नाही.

त्या दिवशी मात्र मी कॅमेरा पेटीत भरत होतो. म्हाताऱ्याची बायको रिकामी टोपली काखेत धरून जवळ आली आणि काळजीनं विचारू लागली, "भाऊ, तुमचं काम तं झालं ना?"