सामायिक आंबा

माझ्या वडिलांनी स्वतःच्या सरणासाठी आंब्याचं झाड तोडायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांची तब्येत ठणठणीत होती. साखर नाही, बीपी नाही, सकाळच्या पेजेनंतर वर दोन घावणे सहज खायचे. अर्ज माझ्या अक्षरात आहे. मी लग्न होऊन दोनच वाड्या पलीकडे राहते, माझ्याकडे स्कूटर आहे आणि माझं अक्षर शाळामास्तरणीचं आहे, एवढ्या तीन गुन्ह्यांसाठी मला कायमचं जुंपलेलं होतं.

वडील जन्मभर तहसील कचेरीत कारकून. समास सोडला नाही म्हणून लोकांचे अर्ज परत करणारा जो माणूस प्रत्येक कचेरीत असतो, तो आमच्या घरी राहायचा. आमच्याकडे मयत झालं की दाराजवळचा एखादा आंबा तोडतात आणि त्याच्याच लाकडावर माणसाला पोचवतात. आंबा तोडायला सरकारची परवानगी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दारात मयत असताना कागद विचारायला कोणी येत नाही. कायदासुद्धा अशा वेळी वाडीबाहेर चप्पल काढून उभा राहतो. वडिलांना हे मान्य नव्हतं. आणि त्यामागे कारण होतं, ते सांगायला हवं.

माझे आजोबा गेले ते आषाढात. जमिनीची वाटणी तेव्हा होऊन चुकली होती. घर, विहीर, माड, सगळ्याचे दोन भाग झाले, एक वडिलांचा आणि एक त्यांच्या चुलत भावाचा. बांधावरचा रायवळ आंबा तेवढा सामायिक राहिला. आजोबांसाठी तोच तोडायचा ठरला. काकांनी, म्हणजे या चुलत भावाने, 'मला न विचारता कोयती कशी लावली' म्हणून बांधावर ठाण मांडलं. वडिलांनी सातबारा आणला, काकांनी वाटणीपत्र आणलं. आजोबा ओटीवर, हे दोघे बांधावर, वर पाऊस. शेवटी दुपार कलली तेव्हा लोक वैतागले, कोणी सरपणाची फाटी आणली, कोणी ट्रकचे जुने टायर आणले, आणि आजोबा त्या काळ्या धुरातून गेले. तो वास मला अजून आठवतो. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते अकरा वर्षं.

"माझ्या येळाक टायर नको," वडील एक दिवस मला म्हणाले. "माझ्या मयतार कोणी भांडूक नको. कागद आदीच करून ठेवया."

आई आतून म्हणाली, "तुमका इतकी कसली घाई? कोणाचा बोलावणा इला काय?"

मालवणला अर्ज घेऊन गेलो. तिथले साहेब तरुण होते, नवीनच लागलेले. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "तोडीचं प्रयोजन अंत्यविधी लिहिलंय. कोणाचा?"

"माझा," वडील म्हणाले. कचेरीत शिरले की ते शुद्ध बोलत. मालवणी बाहेर चपलांजवळ ठेवून येत.

"पण तुम्ही..."

"सध्या हयात आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. अशा अर्जाला नाही म्हणावं असा नियम त्यांना सापडेना आणि हो म्हणावं असाही सापडेना. तेव्हा त्यांनी प्रत्येक कचेरी करते ते केलं, एक कागद कमी काढला. झाड सामायिक आहे, दुसऱ्या खातेदाराची संमती लागेल. वडिलांचा चेहरा उतरला. अकरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्याकडून आपल्या सरणाची सही आणायची.

ते स्वतः गेले नाहीत. मला पाठवलं. काका एकटे राहायचे, काकू वारली होती, मुलगा मुंबईला. त्यांनी कागद उजेडात धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि खूश झाले.

"सय करतंय," ते म्हणाले. "पण एक अट आसा. जो आदी जातलो, तेचो आंबो."

मी निरोप आणला. वडील संतापले, झोपाळ्यावरून उठले, पुन्हा बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले की अट तशी रास्त आहे, पण तोंडी नको. मग करारनामा झाला. त्याचा मसुदा मी लिहिला, त्यामुळे त्यातली कलमं मला पाठ आहेत. उभय पक्षांपैकी जो प्रथम मयत होईल, त्यास झाड पूर्णपणे मिळेल. दोन्ही पक्ष एकाच दिवशी मयत झाल्यास झाड बुंध्यापासून समसमान वाटावे. मयत पक्षास नंतर कोणतीही तक्रार करता येणार नाही. कसालला ज्यांच्याकडे शिक्के मारायला गेलो, त्या वकिलांना तिसऱ्या कलमाला खोकला आला आणि ते पाणी प्यायला आत गेले.

परवानगी आली, मुदत एक वर्ष. म्हणजे दोघांपैकी एकाने वर्षाच्या आत उरकायला हवं होतं.

आता मजा अशी झाली की झाड दोघांना हवं होतं आणि जायचं कोणालाच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी काका बांधावर येऊन ओरडले, "आसस काय रे?"

वडील ओटीवरून, "आसंय! तू?"

"माका काय धाड भरली!"

अकरा वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं संभाषण हे एवढंच. मग ते रोज व्हायला लागलं. आधी बांधावरून, मग बांधाच्या या बाजूला येऊन, मग ओटीवर बसून चहासकट. आई म्हणायची, एकमेकांच्या जिवावर टपलेत मेले, आणि काकांच्या कपात साखर जास्त घालायची. वडिलांना एकदा ताप आला तर त्यांनी मला शपथ घातली की पलीकडे कळता कामा नये, तो लगेच माझी तयारी करायला येईल. कळलंच. काका आले ते तयारी करायला नव्हे, काढा घेऊन. तो इतका कडू होता की वडील दुसऱ्या दिवशी उठून बसले, बहुधा दुसरा पेला टाळण्यासाठी.

एकदा काका माडावर चढलेले दिसले. सत्तरी उलटलेला माणूस! वडील धोतर सावरत बांधापर्यंत धावले आणि खालून किंचाळले, "उतर खाली, मेल्या! पडलस तर आंबो फुकट घेवन जातलस!"

काका वरूनच हसत सुटले. हसताना माड हलायला लागला आणि माझा जीव खाली मातीत गेला. उतरल्यावर दोघांनी मिळून एक शहाळं फोडलं. मला कोणी विचारलं नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा वनखात्याचा माणूस तपासणीला आला. बुंध्याला टेप लावला, वहीत काहीतरी टिपलं आणि विचारलं, "तोड केली नाही?"

"नाही," वडील म्हणाले.

"का?"

दोघं आंब्याखाली शेजारी शेजारी बसले होते. काकांनी वडिलांकडे बोट दाखवलं, वडिलांनी काकांकडे. तो माणूस चहा न घेताच गेला.

वडिलांनी मुदतवाढीसाठी अर्ज केला. कारणाच्या जागी मला लिहायला लावलं, 'लाभार्थी अद्याप हयात असल्याने'. उत्तर आलं की अशी तरतूद नाही. मुदत संपली. वडिलांनी ही गोष्ट गावभर सांगितली, कट्टा गावच्या बाजारात जाऊन सांगितली, वर हेही सांगितलं की आता ते झाड तोडणं गुन्हा आहे आणि आपल्या मयतालासुद्धा कोणी हात लावायचा नाही. काका म्हणाले, बरं झालं, आता घाई नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, श्रावणात, काका जेवून उठले, हात धुवायला पडवीत गेले आणि तिथेच बसले ते बसलेच.

माझ्या आधी वडील पोचले होते. त्यांनी काकांचा हात धरला होता आणि काहीतरी बोलत होते. मला वाटलं मंत्र आहे. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "आसस काय रे? आसस काय रे?"

मुलगा मुंबईहून निघाला. वाडीतले पुरुष जमले, करवत आली आणि सगळे बांधावर येऊन थांबले. पाऊस आजोबांच्या दिवसासारखाच लागला होता. पोलीस पाटील वडिलांना हळूच म्हणाले, "काकानु, काय करूचा? मुदत संपली म्हणान तुमीच सांगलास मा."

कागदाची पर्वा एरवी कोणी केली नसती, पण बांधावर दुसरा मालक उभा होता, आणि हा मालक आपल्या बापासाठीसुद्धा कागदाशिवाय मागे सरला नव्हता. वडिलांनी आंब्याकडे वर पाहिलं. मला खरंच भीती वाटली की ते आता सातबारा मागतात.

"कापा," ते म्हणाले. "इचारूक कोण इलो तर माझ्याकडे धाडा."

झाड अंगणात आडवं झालं. फांद्या तोडायला वडील स्वतः कोयती घेऊन बसले, कोणी सांगूनही उठले नाहीत. नारळाची सुकी सोडणं आणि झावळ्या आमच्या घरामागच्या मांगरातून गेल्या. सरण चांगलं पेटलं. कोणी टायरचं नाव काढलं नाही.

भावकीचं सुतक म्हणून बारा दिवस वडील घरात होते. तेराव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, स्कूटर घेऊन ये. कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मागे बसून नुसतं डावीकडे, उजवीकडे म्हणत राहिले. मालवणच्या त्याच कचेरीत, त्याच टेबलापुढे ते उभे राहिले आणि म्हणाले, "विनापरवाना वृक्षतोड केली आहे. गुन्हा नोंदवून घ्या."

साहेबांनी ओळखलं. "काका, मयतासाठी तोडलंत ना? कोण विचारतंय? घरी जा."

"मयताला सूट आहे, असं कायद्यात कुठे लिहिलंय ते दाखवा."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि कागद पुढे ओढला. नाव, वय, गाव, झाडाची जात. वडील टाचा जुळवून, एकेक शब्द सुटा करून सांगत होते. हेच ते, मी मनात म्हटलं, देवाच्या दारातसुद्धा हे समास सोडूनच उभे राहतील. मला त्यांचा राग आला होता.

"विनापरवाना तोडीचं कारण?" साहेबांनी विचारलं.

"सदर वृक्ष," वडिलांनी सुरुवात केली, "सामायिक खातेदार यांच्या..." आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "सदर सामायिक खातेदार..." त्यांनी टेबलाची कड धरली. आजोबांच्या वेळी ते रडले नव्हते. मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं, आणि आता सगळ्या कचेरीसमोर त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"भाव गेलो, साहेबानु," ते म्हणाले. "माझो भाव गेलो."

साहेबांनी क्षणभर पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि कारणाच्या रकान्यात तेवढंच लिहिलं.