तीन पायांच्या माणसाचा सातबारा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मी मुळात कमी बोलते. कमी बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो — तो काही लपवतोय असं कुणाला वाटत नाही. आज मात्र सांगणार आहे. सुरुवात एका कार्टूनपासून आहे. हसू आलं तर हसा, आम्हीही हसलोच होतो.

उमरग्यात हायवेला लागून आमचं घर. खाली ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, वर आम्ही. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ दुकान बघतात. थोरल्यांना घरातली सगळी मुलं अण्णा म्हणतात. अण्णांची नंदा माझ्याहून वर्षानं मोठी, म्हणून ती माझी अक्का. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. माझी शाळेत जायची वेळ झाली तेव्हा गावात इंग्लिश मीडियम निघालं होतं, म्हणून मी तिकडं. आमच्यातला फरक एवढाच. पण घरात जे काही इंग्रजी यायचं ते माझ्यापुढं यायचं — औषधाची बाटली, मिक्सरचं खोकं, बेअरिंगची पाकिटं. अक्काला कुणी विचारायचं नाही.

दुकानात एक ड्रायव्हर जुन्या कार्टूनची सीडी विसरून गेला. त्यात अंतराळातली एक छोटी गोष्ट होती. एक जाडं अस्वल पृथ्वीवरच्या गोंगाटाला वैतागतं आणि रॉकेटात बसून झोपायला एका लाल ग्रहावर जातं. डोळा लागतो न लागतो तोच तिथला एक रहिवासी येतो. हिरवा, तीन पायांचा, हातात चकचकीत चकती आणि तोंडाला खळ नाही. अस्वल पळतं, हा मागं. अस्वल खड्ड्यात लपतं, तर हा त्याच खड्ड्यातून वर येतो. शेवटी अस्वल रॉकेट घेऊन निघून जातं आणि हा एकटा हात हलवत राहतो.

रविवारची दुपार होती, दुकान बंद होतं, सगळं घर टीव्हीपुढं. अण्णा म्हणाले, "सांग की गं, काय म्हणायलाय त्यो? इंग्लिश शाळेत उगंच घातलंय का तुला?"

मला एक अक्षर कळलं नव्हतं. आमच्या शाळेत बाई इंग्रजी वाचायच्या आणि समजावायच्या मराठीत. हा तीन पायांचा तर नाकातून, भरभर बोलत होता. मी म्हणाले, "तो म्हणतोय, ही जमीन माझी आहे. सातबारा दाखव."

अण्णांना हसून उचकी लागली. मग मी थांबते कशाला? चकतीला मी मोजणीचं यंत्र केलं. खड्डा म्हणजे बांध कोरला. शेवटी हात हलवतो तेव्हा तो म्हणतो, तलाठ्याला घेऊन येतो, थांब. त्यानंतर घरी पाहुणा आला की ती सीडी लागायची आणि मला हाक मारली जायची. दुकानात कुणी पार्ट परत करायला आला तर अण्णा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, आधी सातबारा दाखव. चार माणसांत मान वर न करणारी मी — सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला ते आवडत होतं. फार आवडत होतं.

एका रविवारी अक्का दारापाशी शेंगा फोडत बसली होती. ती एकदम म्हणाली, "भांडत न्हाय त्यो. जेवायला बोलवायलाय. हातात ताट हाय बघ."

मी बघितलं. ताटच होतं. झाकण उघडल्यावर वाफही येत होती. मी म्हणाले, "गप, तुला इंग्लिश कळतं का?"

सगळे हसले. अक्का पुन्हा शेंगा फोडायला लागली.

पण ती गप बसली नाही. माझी जुनी पुस्तकं तिनं मागून घेतली आणि गच्चीवर मोठ्यानं वाचायला लागली. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. सुरुवातीला अडखळायची, मग कमी, मग नाही. कुणाची बहीण असं शिकत असेल तर काय वाटावं? मला भीती वाटली.

दहावीला ती तिच्या शाळेत पहिली आली. तिचे सर घरी आले, म्हणाले, हिला लातूरला सायन्सला घाला. ते गेल्यावर अण्णा बराच वेळ विचार करत होते. पोरीला बाहेर ठेवायला त्यांची ना नव्हती. त्यांना काळजी एकच होती — तिथं सगळं इंग्रजीत. त्यांनी मला बोलावलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती विनवणीनं बघत नव्हती. मी काय सांगणार हे तिला ठाऊक असल्यासारखी, निश्चिंत उभी होती.

"तू त्यातली हायस," अण्णा म्हणाले. "खरं सांग, जमंल का हिला?"

मी तेव्हा लहान होते, घाबरले, तोंडातून निघून गेलं — असं लिहिता येईल. तसं नव्हतं. मी विचार केला. ही लातूरहून सुट्टीला येईल, कुणीतरी ती सीडी लावेल, आणि ही सगळ्यांना सांगेल की तो काय बोलतोय. हा विचार पुरता करून मी उत्तर दिलं.

"नाही. अवघड जाईल तिला."

अण्णांनी मान हलवली. सातबाऱ्यावर ठेवला होता तसाच त्यांनी याही शब्दावर विश्वास ठेवला. अक्का उमरग्यातच आर्ट्सला गेली. बीए पुरं व्हायच्या आत लग्न होऊन बसवकल्याणला. पुढं मी लातूरला सायन्सला गेले. मला कुणी विचारलं नाही, जमेल का.

हॉस्टेलवर असताना मी ते कार्टून मोबाईलवर शोधलं आणि खाली सबटायटलची अक्षरं लावून बघितलं. तो म्हणतो — थांब ना, जेवून जा, निवायला लागलंय. किती दिवसांनी कुणीतरी आलंय इकडं.

यंदा दिवाळीला अक्का माहेरी आली होती, लेकीला घेऊन. अण्णांनी हौसेनं तेच कार्टून टीव्हीवर लावायला सांगितलं. मी काहीच बोलत नव्हते, म्हणून सातबारा त्यांनीच सांगितला. अक्काची लेक म्हणाली, "आजोबा, तो तर जेवायला ये म्हणतोय."

"गप," अक्का तिला म्हणाली. "मावशीपेक्षा जास्त कळतं का तुला?"

मी म्हणाले, "तिचं बरोबर आहे. आणि अक्का, तुझंही तेव्हा बरोबर होतं."

अण्णा हसले. म्हणाले, असू दे, आपला सातबाराच बरा. अक्का हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली — स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती तशीच. मी टीव्हीकडं बघितलं. तिथं तो हात हलवत होता.

सातबाऱ्याचं सांगून झालं. दुसऱ्या उत्तराचं मी त्या दिवशीही बोलले नाही, म्हणून ते इथं लिहिते. अण्णांनी विचारलं होतं, जमंल का हिला. तिला जमलं असतं. मला ते तेव्हाही माहीत होतं.